चकलीचं ताट

रविवार, संध्याकाळ. रीडिंग, इंग्लंड

जमलं! तोंडात एक कणही नाही!

माझ्या सापाचं, चकलीचं, जेवण आज भुशाशिवाय पार पडलं. मागच्या रविवारी मीच घाई केली. फ्रीझरमधला उंदीर गरम पाण्यातून काढून तसाच ओला टँकमध्ये ठेवला, खाली पसरलेला लाकडाचा भुसा त्याला चिकटला आणि एक सालपट हिच्या जबड्यात रुतलं. व्हेटने चिमट्याने काढलं. आठवडाभर ते सालपट माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. तोंड चिघळलं असतं तर?

आणि उपाय सांगितला कुणी? आईने! कट्टर शाकाहारी. पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले, पण चकलीच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. दुपारी माझी कटकट ऐकून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अगं, जमिनीवर कसलं वाढतेस? ताट दे की तिला. आणि असं निथळतं कोण वाढतं?"

इतकं साधं मला का सुचू नये?

उंदीर किचन टॉवेलने टिपून कोरडा केला, स्टीलच्या ताटात ठेवला. (ते ताट आता स्वयंपाकघरात परत आणायचं नाही, ही आईची अट.) चकलीने झडप घातली, सावकाश गिळलं, मग मोठी जांभई दिली. टॉर्च मारून पाहिलं. सालपट नाही, काही नाही! मी किंचाळलेच.

ते ऐकून आई पहिल्यांदा दारापर्यंत आली. लांबूनच रिकाम्या ताटाकडे बघत म्हणाली, "पानात काही टाकलं नाही हो हिने. शीक जरा."