उपाशीपोटीचा आकडा

९ जानेवारी

उपाशीपोटी २३८. रात्री दोन फुलके आणि दुधीची भाजी, मी स्वतः वाढली होती. मग हे २३८ आले कुठून, असं ह्यांना विचारलं.

"मी काही खाल्लं नाही, सुलभा."

परीक्षेच्या वर्गात उभी राहून सगळी नोकरी हेच वाक्य ऐकलं, मोज्यात चिठ्ठ्या घेऊन बसलेल्या पोरांकडून. नवरा आहे म्हणून निराळे मार्क द्यायचं कारण नाही. आंघोळीला गेले तेव्हा खिसे तपासले. रुमाल, बसचं तिकीट, कागदाचा एक चुरगळलेला तुकडा. तुकडा हुंगून पाहिला. कळलं नाही.

डिसेंबरात शुगर दीडशेच्या वर जात नव्हती. नवीन वर्ष लागलं आणि ह्यांचा तोल सुटला.

१२ जानेवारी

समोरच्या पाटणकरबाईंना शुगर तपासायच्या स्ट्रिप्सची एक डबी दिली. मिलिंदने जास्तीच्या आणून ठेवल्यात. मिलिंद म्हणजे कुंदाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बिबवेवाडीत घरातूनच मेडिकलच्या सामानाचा धंदा करतो. आपल्या मशीनच्याच कंपनीच्या स्ट्रिप्स, तीच डबी, तेच सील, भाव निम्मा. कोपऱ्यावरचा दुकानदार इतकी वर्षं लुटत होता म्हणायचं.

पा.बाईंची आली ११८. त्या माझ्यासमोर अळिवाचा लाडू खात होत्या. म्हणाल्या, "अरविंदरावांना म्हणावं, आमच्याकडे शिकवणी लावा." मी दार उघडं ठेवून ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हसले.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. आल्यागेल्यांना मीच काढून देत होते. ह्यांनी एकही तोंडात टाकली नाही, निदान माझ्यादेखत. संध्याकाळी २७१.

"जादूने वाढते का?"

"मशीन एकदा तपासून घेऊ या का?"

नापास झालेलं पोर म्हणतं तसं, पेपरच चुकीचा होता. तेही सांगून टाकलं. पाटबंधारे खात्यात साहेब होते म्हणून घरात कुणी बोलायचं नाही असं थोडंच आहे.

१९ जानेवारी

डॉक्टरांना फोन करून आकडे कळवले. त्यांनी इन्सुलिन वाढवायला सांगितलं. "एकदा लॅबमध्ये रक्त तपासून घ्या." हो म्हटलं. घरात मशीन असताना लॅबची भर कशाला करायची. बघू पुढच्या महिन्यात.

ह्यांनी इंजेक्शन निमूट घेतलं. निमूट म्हणजे गुन्हा कबूल.

२७ जानेवारी

चारच्या सुमाराला हे खुर्चीतून उठून आले. बनियन भिजून अंगाला चिकटलेलं, हात थरथरत होते. "चमचाभर साखर दे." मी आधी बोट टोचलं. २५६. मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"दिसतंय ना? ह्यावर साखर?"

"दे गं. कसंतरी होतंय."

स्वयंपाकघराच्या दारात मी आडवी उभी राहिले. मग हे खाली फरशीवर बसले. एवढा उंच माणूस, असा बसला की लाज वाटली मला. म्हटलं, नाटकं पुरेत, पाय आखडून घ्या, मला जायला वाट द्या.

थोड्या वेळाने भिंत धरत समोर गेले. पा.बाईंनी सरबत दिलं. पंधरा मिनिटांत गडी ठणठणीत, पेपर वाचायला लागला. दारुड्याला घोट मिळाला की तोही असाच शांत होतो. पा.बाईंना जाऊन बजावलं, माझ्या माणसाला परत काही द्यायचं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, भिकाऱ्यासारखे उभे होते हो दारात."

ऐकून घ्यावं लागलं. ह्यांच्यामुळे.

२ फेब्रुवारी

आज कबूल झाले.

कुंदा आणि मिलिंद जेवायला आले होते. पानावर बसल्या बसल्याच मी विषय काढला, आकडे वाचून दाखवले. मिलिंद हसून म्हणाला, "काका, या वयात लपवाछपवी?" कुंदा पदराआड हसली. हे भाताकडे बघत होते. मी म्हटलं, सगळ्यांसमोर सांगून टाका, कुठे खाता, काय खाता, मग परत विचारणार नाही.

शेवटी म्हणाले, "जिलबी. पुतळ्याजवळच्या हलवायाकडे."

"किती?"

"तू म्हणशील तेवढी."

उद्यापासून एकट्याने बाहेर जाणं बंद. पाकीट माझ्याकडे. आज बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेल.

६ फेब्रुवारी

घराबाहेर पाऊल नाही, तरी २८४. गच्चीवर जाऊन खातात की काय. आता विचारलं की "हो" म्हणतात. शेंगदाण्याचा लाडू खाल्ला का? हो. साखर खाल्ली का? हो. डबा जागच्या जागी आहे तरी हो. निर्ढावलेपणाची कमाल.

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाईंना आकडा सांगितला. इन्सुलिन आणखी वाढवलं.

११ फेब्रुवारी

सकाळी हाक मारली, उठले नाहीत. मला वाटलं रुसलेत. चहा ठेवून परत आले तर दातखीळ बसलेली, तोंडाशी फेस. उशी घामाने ओली.

अ‍ॅम्ब्युलन्समधल्या मुलीने बोट टोचलं. "शुगर सत्तावीस."

मी तिला सांगितलं, तुमचं मशीन बिघडलंय, ह्यांची काल रात्री २९० होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शीर शोधत होती.

१३ फेब्रुवारी

आयसीयू. डोळे उघडतात पण आपल्याकडे बघत नाहीत.

तिथल्या डॉक्टरने घरचं मशीन आणि डबी आणायला सांगितली. पोरगेलासा आहे, माझ्या शेवटच्या बॅचचा असता. विचारलं, "काकू, तुम्हाला डायबेटिस आहे?" नाही म्हटलं. माझं बोट टोचलं, एकच थेंब, थोडा त्यांच्या मशीनवर, थोडा माझ्या. त्यांचं ९६. माझं २३१.

दुसरी डबी फोडली. तिच्यात १४०. त्याच बोटाचं रक्त.

"स्ट्रिप्स नकली आहेत. जो येईल तो आकडा. कुठून घेतल्या?"

मी भाच्याचं नाव सांगितलं नाही. ओळखीतून, म्हटलं.

"त्यांना घाम, थरथर असं काही होत होतं? गोड मागायचे का?"

हो.

"दिलंत का?"

पुढे मी काय बोलले आठवत नाही. त्याने लिहून घेतलं एवढं दिसलं.

१४ फेब्रुवारी

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. डबीवरचा क्रमांक वाचून दाखवला. पलीकडची मुलगी म्हणाली, "हा माल आमचा नाही, मॅडम. डब्या फेकू नका, माणूस येऊन घेऊन जाईल." मग म्हणाली, "आणखी काही मदत हवी आहे का?"

१५ फेब्रुवारी

मिलिंदला फोन. तीनदा वाजला, चौथ्यांदा उचलला.

"मावशी, मी काय डब्या बनवतो का? वरून येतात, मी पुढे देतो. सील होतं ना?"

"निम्म्या भावात कशा मिळतात, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?"

"तुला वाटलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डॉक्टरांनी लॅब सांगितली होती म्हणे. केलीस का? मग माझ्या नावाने कशाला." फोन ठेवला.

लॅबचं मीच कुंदाला सांगितलं होतं, डॉक्टरांशी बोलले त्याच आठवड्यात. बढाईने.

१७ फेब्रुवारी

पा.बाईंना सांगायला गेले. त्या स्ट्रिप्स टाकून द्या, खोट्या आहेत. हे आयसीयूत का आहेत तेही सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं.

"माझी छान येते हो. ११८, १२१. खोटं असतं तर कळलं नसतं का मला?"

"तुमचंही खोटंच असेल. लॅबमध्ये जाऊन या. मी येते बरोबर."

"तुमच्याकडे जे झालं ते सरबत न देण्याने झालं." दारात उभ्या राहूनच बोलत होत्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. विचारलं तर म्हणाल्या, चप्पल लागलीय, महिना झाला, बरं होईल. फडक्याला वास येत होता.

डबी परत दिली नाही. आता म्हणे त्या मिलिंदकडूनच थेट मागवतात. हास्यक्लबातल्या आणखी दोघीही.

२५ फेब्रुवारी

ह्यांना घरी आणलं. चालतात, हाताला धरून. बोलतात, पण एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नव्हती, कितपत भरून येईल ते आज सांगता येणार नाही. बूट कुठल्या पायाचा कुठला, इथे अडतात. ह्या माणसाने धरणांचे कालवे आखले होते.

३ मार्च

आज सांगायचं ठरवलं. समोर बसले. म्हटलं, अहो, ऐका. स्ट्रिप्स खोट्या होत्या. तुम्ही काही खाल्लं नव्हतं. माझं चुकलं.

ते विचार करत राहिले.

"खाल्ली ना," म्हणाले. "जिलबी."

"नाही खाल्ली. मी बोलायला लावलं तुम्हाला."

"खाल्ली. पुतळ्याजवळ. गरम होती." डोळ्यांत पाणी आलं. "परत नाही खाणार."

दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. तशी त्यांनी घाईघाईने मान हलवली. बरं, नाही खाल्ली, म्हणाले. आणि माझ्याकडे बघायला लागले, हे उत्तर बरोबर आलं का म्हणून.

८ मार्च

कुंदा आली. नारळपाणी घेऊन आली होती. ह्यांच्याशी चार शब्द लहान मुलाशी बोलतात तसे बोलली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तक्रार करणार आहेस असं ऐकलं."

"कोणी सांगितलं?"

"कर. पण मिलिंदची बायको पाचव्या महिन्यात आहे, तेवढं लक्षात ठेव. भावजी तर घरी आले ना."

मी म्हटलं, आले ते बघितलंस ना कसे आले.

ती ओट्यावरचा टॉवेल घडी करत होती. शांतपणे म्हणाली, "साखर मिलिंदने नाही नाकारली, सुलूताई. दारात तू उभी होतीस. भावजींना जेवताना तू सोलत होतीस तेव्हा मी तिथेच होते. पोलिसांनी विचारलं तर मला खरंच सांगावं लागेल."

"तू हसत होतीस."

"हो. तेही सांगेन."

नारळपाणी बेसिनमध्ये ओतलं. नंतर वाटलं, ह्यांना द्यायला हवं होतं. मग वाटलं, ह्यांना चालतं का. आता काहीच नक्की माहीत नाही मला.

१५ मार्च

कंपनीचा माणूस येऊन डब्या घेऊन गेला, पावती दिली. म्हणाला, आमच्या बाजूने कारवाई होईल, पण कोणी विकल्या ते तुम्ही लेखी दिलंत तरच लवकर होईल. कागद पुढे केला. नावाच्या जागी पेन टेकवलं आणि म्हटलं, दोन दिवस द्या.

तो गेल्यावर जिन्यात वॉचमन भेटला. हातात पुठ्ठ्याचं खोकं, पा.बाईंकडे चाललेला. "बिबवेवाडीहून आलंय, मॅडम." मी घेऊ का म्हटलं, वर देते. त्याने दिलं नाही. त्यांच्याच हातात द्यायला सांगितलंय, म्हणाला.

पा.बाई आता काठी घेऊन चालतात.

१९ मार्च

कागद अजून टेबलावर आहे. नावाची जागा रिकामी. मिलिंदचं नाव लिहिलं की खाली माझं लिहायचं, आणि मग काय झालं ते सविस्तर. सविस्तर म्हणजे कुठपर्यंत, हे त्या माणसाने सांगितलं नाही. सकाळी पा.बाईंची बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज येत होता. दार उघडलं नाही.

नव्या स्ट्रिप्स आणल्या, दुकानातून, बिलासह. आधी माझं बोट टोचून पाहते, मग त्यांचं. हल्ली सांगावं लागत नाही, मशीन दिसलं की स्वतःच हात पुढे करतात. आज उपाशीपोटी १८८. लॅबचाही साधारण तेवढाच आला होता, म्हणजे खरा असावा. मी आकडा वाचला आणि डबी बंद केली.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बोट अजून पुढेच.

"काय खाल्लं म्हणून सांगू?"

काही नाही, म्हटलं. काही सांगायचं नाही.

त्यांना ते पटलं नाही. बराच वेळ आठवत बसले.