कूलरसमोरची जागा

कामठी, ९ मे २०२५

चि. प्रेमानंद यास, ताईचा स. जयभीम व अ. आ.

फोनवर मी रडते आणि तू प्रत्येक वाक्याला बरं म्हणतोस, म्हणून लिहून राहिले. स्टुडिओच्या तिन्ही कॉम्प्युटरला फोटो पुरवणारा तो सर्व्हर मंगळवारपासून बंद आहे. बटण दाबलं की आत टकटक होते आणि थांबते. दिवसातून वीस वेळा दाबून पाहते.

बाबांनी चाळीस वर्षं दसऱ्याला दीक्षाभूमीवर काढलेले लोकांचे फोटो त्यातच आहेत. निगेटिव्ह खराब होत चालल्या होत्या, त्यांना आंबट वास येत होता. स्कॅन झाल्यावर मीच त्या भंगारात दिल्या. हे तुला सांगितलं नव्हतं.

बाबांनाही काही बोलले नाही. त्यांना अंधुक दिसत असलं तरी कान शाबूत आहेत. मशीनचा आवाज काहून येत नाही, असं आज विचारत होते. मी म्हटलं, लाइट गेली. डोक्यावर पंखा फिरत होता.

कन्हानच्या बायजाबाई फोटोची प्रत मागायला येऊन गेल्या. त्यांच्या मालकांचा पहिला स्मृतिदिन २२ जूनला आहे. बाबांनी काढलेला त्यांचा एकच फोटो घरी होता, तो नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेला. पुढच्या आठवड्यात या, म्हटलं. जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. काहीतरी सांग रे.

हर्षाला जयभीम. माया असू दे.
तुझी भावनाताई

पुणे, १३ मे

ती. ताईस, स. जयभीम वि. वि.

आधी त्या बटणापासून हात दूर ठेव. प्रत्येक वेळी डिस्कवर नवे ओरखडे पडतात. दोन्ही डिस्क नीट गुंडाळून मामाच्या जितेंद्रजवळ दे, तो पुढच्या गुरुवारी इकडे येतो. इथे गेलेले फोटो परत काढून देणारे लोक आहेत.

जानेवारीत मी दूरच्या सर्व्हरवर जागा भाड्याने घ्या म्हणत होतो. बाबा म्हणाले, आपल्या लोकायचे चेहरे परक्याच्या घरी काहून ठेवाचे? मी तो विषय सोडला. घरी मशीन घेऊ, त्यात दोन डिस्क असतात, एक गेली तरी दुसरी आहे, असं मीच समजावलं. दोन्ही एकाच पेटीत राहतात, एवढं बोललो नाही.

पण चार महिन्यांत दोन्ही एकदम कशा गेल्या? मशीन ठेवलं कुठे होतं? रागावणार नाही. माझी सायकल तू नाल्यात घातलीस तेव्हा तरी कुठे रागावलो होतो? फक्त दोन दिवस जेवलो नव्हतो.

बाबांना जप, स्वतःलाही.
तुझा प्रेमानंद

कामठी, १८ मे

चि. प्रेमानंद यास, अ. आ.

कूलरसमोर ठेवलं होतं.

मशीन थंड राहिलं पाहिजे, असं तू बजावलं होतंस. पारा पंचेचाळीसवर गेला तेव्हा बाबांनी आपला कूलर मशीनकडे वळवला. स्वतःची खाट भिंतीला लावली आणि महिनाभर ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले. मी ओरडले तर म्हणाले, मले घाम येते तं पुसता येते, त्याले कोन पुसन? आत वारा लागावा म्हणून पेटीचं झाकण मी काढून ठेवलं. कूलरची टाकी रोज मीच भरत होते. आता पाहिलं, स्क्रूंना गंज आहे आणि आत बोट फिरवलं तर ओलसर लागते.

त्यांनी आपला वारा त्याला दिला आणि त्याच वाऱ्याने ते मेलं. हे कोणत्या तोंडाने सांगू?

लवकर लिही.
तुझी ताई

पुणे, ४ जून

ती. ताईस, स. जयभीम वि. वि.

एकही फोटो निघाला नाही. तीन ठिकाणी विचारलं.

कूलरच्या वाऱ्यात पाणी असतं, हे नागपूरकडचा असून मी विसरलो. इथे एसीत बसून थंड ठेवा म्हणणं सोपं होतं. तू एकटीने ते ओझं घेऊ नकोस. बाबांना सांगायचं की नाही, तू ठरव. माझ्यात हिंमत नाही.

तुझा प्रेमानंद

कामठी, १९ जून

चि. प्रेमानंद यास, अ. आ.

बाबांना सगळं सांगितलं, भंगाराचंही. दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतल्या पत्त्यांच्या वह्या काढायला लावल्या. पूर्वी ते फोटो पोस्टाने गावोगाव पाठवत, त्या वह्या. मी वाचत गेले. बायजाबाईंच्या मालकांचं नाव आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. त्यांना आठवलं, तो फोटो काढला त्या वर्षी रोल कमी पडले होते, म्हणून एका गाडीने आलेल्या दोन कुटुंबांना ते एकाच फोटोत उभं करत आणि दोन्ही घरी एकेक प्रत धाडत. दुसरं घर खाप्याचं होतं.

मी खाप्याला गेले. यमुताई म्हणून म्हातारी आहे, तिने भिंतीवरून फोटो उतरवून दिला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. बायजाबाईंचे मालक कडेला उभे आहेत, मान जराशी वळलेली. रविवारी बायजाबाईंना प्रत देणार. त्यांना तर मिळाला. वह्यांत दोन हजारांवर पत्ते आहेत. किती घरं उरली असतील, कोण जाणे. तुमच्याकडे फोटो उरला आहे का, असं विचारत रोज दहा पत्रं लिहून राहिले. अजून एकाचंही उत्तर नाही.

बाबांनी तो फोटो डोळ्यांशी धरला. दिसलं नसावं, कडा चाचपत राहिले. मग विचारलं, याची दुसरी प्रत कोनाच्या घरी ठेवशीन? तुला निरोप आहे की ती भाड्याची जागा घेऊन टाक.

आज मी कूलर त्यांच्या खाटेकडे वळवायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, आधी फोटो आतल्या खोलीत ठेव.

तुझी ताई