तिसरी जाहिरात

११ जाने., रविवार
उपस्थिती ५२! दुसऱ्या गीताला मोजले, मग शेवटच्या प्रार्थनेत एक डोळा उघडून पुन्हा मोजले. बावन्नच. गेल्या वर्षी याच सुमारास ३८ होते. धारवाडातल्या एवढ्याशा मराठी मंडळीला बावन्न म्हणजे चेष्टा नाही. उपदेशही रंगला. तरंगतच घरी आलो, सुनंदाला आकडा सांगितला. ती भाकरी उलटत म्हणाली, "त्यात मागच्या दोन बाकांवरचे कन्नडवाले धरलेत का?"

आमची उपासना आठला, त्याच चर्चमध्ये कन्नड मंडळीची दहाला. थंडी आहे म्हणून ते लोक लवकर येऊन आत बसतात. एकेक चेहरा आठवून वजा केला. उप. ४१.

तरी तीन जास्तच.

१३ जाने., मंगळ.
आमच्या विभागाच्या अध्यक्षसाहेबांचा फोन. वार्षिक अहवालाचा तक्ता लवकर पाठवा, मार्चपर्यंतचं अंदाजाने भरा. सभासद, सरासरी उपस्थिती, बाप्तिस्मे, विवाह वगैरे नेहमीचे रकाने. "तुमच्या विवाहाच्या रकान्यात तीन वर्षं भोपळा आहे हो," म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले.

या वर्षी भोपळा नाही. विनय आणि मर्सी, शनि. १४ फेब्रु. ईस्टरआधीचा उपवासकाळ १८ला लागतो आणि त्यात आम्ही लग्नं लावत नाही, म्हणून अलीकडची तारीख धरली. ईस्टरनंतर ढकललं असतं तर लग्न पुढच्या अहवालात गेलं असतं. (हे कारण कोणाजवळ बोललेलो नाही. सु.ने ओळखलं असणार.)

विनय म्हणजे माझा उजवा हात. गायनवृंद, तरुण संघ, मुलांची शब्बाथशाळा आणि माईक, चारही त्याच्याकडे. हा मुलगा नसता तर मंडळीत मी आणि हार्मोनियम एवढेच उरलो असतो. मर्सी विद्यानगरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. कमी बोलते, सगळं वहीत लिहून घेते.

१५ जाने., गुरु.
दोघांचा लग्नपूर्व वर्ग, तिसरा. गृहपाठ दिला: वीस वर्षांवर संसार झालेल्या जोडप्याला भेटा, हे दहा प्रश्न विचारा, उत्तरं लिहून आणा. प्रश्न माझेच, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेले. विनय लगेच म्हणाला, "मग तुमच्याकडेच येतो की पाळकसाहेब. दुसरीकडे कशाला?" मर्सीनेही मान हलवली. मूठभर मांस चढलं. शनिवारी पाचला बोलावलं.

१७ जाने., शनि.
ऐन वेळी चर्चच्या पंचांची बैठक लागली. नव्या माईकचा विषय होता, म्हणून विनयला दारातूनच बरोबर घेऊन गेलो. सु. आणि मर्सी दोघीच बसल्या. बैठक लांबली. घरी आलो तर मर्सी निघून गेली होती आणि पोहे संपले होते.
"झाले का दहा प्रश्न?"
"झाले."
"काय सांगितलंस?"
"खरं ते."
छान.

१८ जाने., रवि.
उप. ४४ (शुद्ध मराठी). पहिली जाहिरात वाचली. दोघांची नावं, आईबापांची नावं, आणि या विवाहाला कोणाची हरकत असेल तर आताच सांगावी. तेवढ्यात शांताबाईंना खोकला आला आणि अख्खी मंडळी मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागली. बिचाऱ्या दोन्ही हात हलवून "नाही हो, नाही, घसा!" असं म्हणत राहिल्या. उपासनेत एवढं हसू बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. तीन रविवार अशी जाहिरात वाचल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. दोन उरल्या.

२० जाने., मंगळ.
तक्ता भरून पाठवला. विवाह: १. ठळक, सुबक काढला. सु. खांद्यावरून वाकून म्हणाली, "अजून झालंय कुठे?"
"पहिली जाहिरात झाली की."
"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," म्हणाली आणि शाळेत गेली.

२५ जाने., रवि.
दुसरी जाहिरात. उप. ४७. आज कोणी खोकलं नाही. नंतर मर्सी म्हणाली, मंगळवारी एकटी येऊन भेटू का? लग्नाच्या गीतांबद्दल असेल.

२७ जाने., मंगळ.
गीतांबद्दल नव्हतं.

"पाळकसाहेब, तिसरी जाहिरात वाचू नका. मी सांगेपर्यंत."

मला वाटलं, विनयचं काही बाहेर आलं. विचारलं तसं. "छे हो," म्हणाली. "फार चांगला आहे तो. सगळ्यांसाठीच चांगला आहे." मग वही उघडली. सु.ची उत्तरं.

प्रश्न ४, आठवड्यातून किती वेळा एकत्र जेवता? रविवारी दुपारी, पाहुणे नसतील तर. प्रश्न ६, शेवटचं भांडण कधी झालं? बारा वर्षांपूर्वी, भांडायलाही दोघं घरात लागतात. मी हसलो. मर्सी हसली नाही.

"सुनंदाअक्काही हसत हसतच सांगत होत्या. त्यानेच मला जास्त भीती वाटली. विनयला तुमच्यासारखंच व्हायचंय. त्याने स्वतः सांगितलंय मला, अगदी कौतुकाने. त्या दिवशीसुद्धा आम्ही दोघं प्रश्न विचारायला आलो होतो, आणि तुम्ही त्याला माईकसाठी घेऊन गेलात."

मग मी सेवा, त्याग, वधस्तंभ यांवर दहा मिनिटं बोललो. तिने चांगल्या विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं. "हे सगळं खरं आहे," म्हणाली, "पण ते माझ्या वाट्याला मला न विचारता का यावं?" आणि उठता उठता: "अक्कांना हे आधी माहीत असतं, तर त्या हो म्हणाल्या असत्या?"
"अर्थात!"
"विचारलंत कधी?"

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ती बोलत होती तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो ठळक १ होता. मुलीच्या डोळ्यांत पाणी आणि मी हिशेब करतोय, ईस्टरनंतर म्हणजे पुढचं वर्ष. लाज वाटली. आता लिहितानाही वाटते आहे.

२८ जाने., बुध.
सु.वर चिडलो. त्या मुलीला काय काय सांगून ठेवलंस?
"गृहपाठ तुम्ही दिला होतात."
"तुला एवढं लागत होतं तर मला सांगायचं!"
"कधी?"
एवढंच म्हणाली आणि माझ्या ताटात आमटी वाढली. चिडलेलीही नव्हती. बावीस वर्षं लोकांना संसार कसा करावा ते शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

२९ जाने., गुरु.
आज ठरवलंच. संध्याकाळची प्रार्थनासभा पंचांवर सोपवली (त्यांना वाटलं मी आजारी आहे), कोपऱ्यावरून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि गरम मिरची भजी घेतली आणि सहाला घरी. दाराला कुलूप! पायरीवर बसलो. शेजारच्या गौरक्कांनी बघितलं. "आज गुरुवार नव्हं का री? बाई केलगेरीच्या तळ्याकडं गेल्यात फिरायला. दर गुरुवारी जात्यात की. ठावं नाही तुमाला?"

ठावं नव्हतं. सव्वासातला सु. शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर खिदळत आली. मला पायरीवर बघून तिला वाटलं कोणीतरी वारलं.
"गुरुवारी मी नसते," म्हणाली. "पाच वर्षं झाली."

भजी मऊ पडली होती, गिरमिटाचा लगदा झाला होता. तरी खाल्लं. गौरक्कांची नक्कल करून दोघंही हसलो. पाच वर्षं! मंडळीत कोणाची सून कधी माहेरी जाते ते मला तोंडपाठ असतं, आणि हे नाही. वाईट वाटलं, आणि ती इतकी मजेत आली याचं बरंही वाटलं. थोडा हेवाही वाटला.

३१ जाने., शनि.
सकाळी मर्सीचे वडील, अप्पा, आले. पत्रिका वाटून झाल्यात, पाळकसाहेब, पाव्हण्यांना काय सांगू? दुपारी अध्यक्षसाहेबांचा फोन: लग्नाला जमणार नाही, म्हणून उद्याच उपासनेला येतो, तिसरी जाहिरात ऐकतो. संध्याकाळी विनय, उतरलेल्या तोंडाने.

"तुम्ही समजावा तिला. तुमचं ऐकेल."
ऐकेल, मला माहीत आहे. अप्पांसमोर बसवून चार वाक्यं बोललो तर मुलगी मान खाली घालून हो म्हणेल आणि १४ तारखेला लग्न लागेल. माझा तक्ताही खरा होईल. खोटं कशाला लिहू, दोन मिनिटं मोह झाला.

विनय म्हणाला, "माझं काय कमी पडलं?"
"कमी काही नाही रे. आमच्याकडे जास्त झालं. तुझा सगळा वेळ मीच घेतला, तू देत गेलास." त्याला सांगितलं, संध्याकाळी घरी जा. तिच्या घरी जा. निदान एखादं काम सोड.
"मग माईक कोण बघणार?"
हाच प्रश्न माझ्याही जिभेवर आला होता. कसाबसा गिळला.

१ फेब्रु., रवि.
अध्यक्षसाहेब पहिल्या बाकावर. जाहिरातींची वेळ आली तसे सगळे सावरून बसले. शांताबाईंनी तोंडाला रुमाल लावून ठेवला होता, सावधगिरी म्हणून.

म्हणालो, विनय आणि मर्सी यांची तिसरी जाहिरात आज वाचली जाणार नाही. मर्सीने विचार करायला वेळ मागितला आहे आणि तो तिचा हक्क आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. घरी जाऊन चौकशा करू नका. आणि कोणाला दोष द्यायचा असेल तर मला द्या, कारण शिकवणारा मी आहे.

मर्सीचे अप्पा जमिनीकडे बघत होते. मर्सी समोर बघत होती, सरळ. पुढचं गीत सुरू करायचं विनयला सुचेना, शेवटी सु.नेच मागून सूर लावला. नेहमीप्रमाणे एक पट्टी वर.

नंतर चहाला अध्यक्षसाहेबांना सांगून टाकलं, तक्त्यात विवाह एक लिहिलाय तो खोडा, मी घाईने लिहिला.
"मग काय लिहू?"
"शून्य."
"आणि आज जे केलंत ते कुठे लिहू?"
"त्याला रकाना नाही, साहेब."
त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्याले. "मंडळी वाढवायची पद्धत ही नव्हे," म्हणाले. जाताना मात्र सु.ला बराच वेळ काहीतरी विचारत होते. काय विचारलं म्हटलं तर म्हणाली, त्यांच्या बायकोचं निवृत्तीनंतर मन रमत नाही, तर गुरुवारी फिरायला तुमच्यात कोण कोण असतं?

घरी सु. म्हणाली, "उप. ५३ बरं का. कन्नडवाले धरून. आज तेसुद्धा जाहिरात ऐकायला आले होते."

५ फेब्रु., गुरु.
अप्पा बोलत नाहीत. पाव्हण्यांना काहीतरी सांगितलंय म्हणे. विनयने शब्बाथशाळा सोडली, बाकी तीन अजून धरून. मर्सीचा निरोप नाही. १४ तारीख गाठायची तर येत्या रविवारी जाहिरात वाचायलाच हवी. वाचायची की नाही, माहीत नाही.

प्रार्थनासभा पुन्हा पंचांवर सोपवली आणि संध्याकाळी सु.ला विचारलं, मी आलो तर चालेल? तिने मैत्रिणींना फोन करून परवानगी घेतली. अट: उपदेश करायचा नाही.

केलगेरीचा बांध. मैत्रिणी पुढे, आम्ही मागे. पहिल्याच फेरीत बघतो तर दगडावर विनय आणि मर्सी, कडकडून भांडतायत, कन्नडमध्ये. ती हातवारे करते आहे, तोही करतो आहे. आज गायनवृंदाची तालीम, आणि हा इथे! तिकडे मंडळी त्याच्याविना कशी गात असेल देव जाणे. माझे पाय आपोआप तिकडे वळले. सु.ने बाही धरली.
"कुठे निघालात?"
"जरा समजावून..."
"भांडू द्या. त्यांचं ते बघतील."
दुसऱ्या फेरीला अजून भांडतच होते. तिसऱ्या फेरीला दगड रिकामा. दोघं एकत्र गेले की वेगवेगळे, दिसलं नाही.

मग धीर करून विचारलं. म्हटलं सुनंदा, हे सगळं तुला तेव्हाच माहीत असतं, माझ्या बैठका, ही मंडळी, संध्याकाळी घरी कोणी नसणं, तर तू हो म्हणाली असतीस?

वाटलं, हसेल. हसली नाही. बांधाच्या टोकापर्यंत चालत राहिली. तिच्या बापाकडे मागणी घालायला गेलो होतो तेव्हासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

"अजून दोन फेऱ्या आहेत," म्हणाली. "विचार करून सांगते."

आणि पुढे निघाली. ती एवढी भरभर चालते हे मला ठाऊक नव्हतं. तिला गाठायला जवळजवळ पळावं लागलं.