अपघात नव्हता

४ फेब्रुवारी
दुकानात पाण्याच्या दोन मोटारी रिवाइंडिंगला. दुपारी वडगाव निंबाळकरहून शंकरतात्या आले. टपरीवर चहा घेताना कुणीतरी थट्टा केली, "तात्या, परत तसलं काय करू नका."
माझाच चहा अर्धा राहिला. तात्या मात्र हसले. "न्हाय बाबा. बारा गाया हायत, टाईम कुठला?"
त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला त्याला एकवीस वर्षं झाली. गावाला माहीत. लपवत नाहीत.
माझ्या सोळा वर्षांपूर्वीच्या गोष्टीला घरात अजून 'अपघात'च म्हणतात. मीच तसं सांगितलंय.

९ फेब्रु.
तात्यांबरोबर दवाखान्यात. बापू, पळसदेवचा, मासे धरतो. वय त्रेचाळीस. जीव द्यायला गेला होता, वाचला. तात्यांची त्याच्याशी ना ओळख ना नातं. असं कुणाचं कानावर आलं की जातातच.
बापू भिंतीकडं तोंड करून पडलेला. तात्यांनी उपदेश केला नाही. वाटीभर पाणी मागवलं आणि त्याची दाढी करायला बसले. एवढा रांगडा माणूस, पण हात किती हलका! बापूनं डोळे उघडले नाहीत. पण थोड्या वेळानं स्वतःच मान वळवून दुसरा गाल पुढं केला.
येताना गाडीवर मी विचारलं, "तुमाला अजून येतं का मनात?"
"येतं की. मग बायकूला सांगतो, आज मला एकटं सोडू नगंस. डॉक्टरकडं जातो. गोळ्या चालूच हायत."
असं सांगायला छाती लागते. माझी कधी...

१७ फेब्रु.
तात्यांचा फोन. बापू घरी गेला. "रमेश, रविवारी तू जाऊन ये. माझी गाय व्यायला झालीय."
"मी काय बोलू?"
"तुला ठावं हाय."
कसं कळलं यांना? मी विचारलं नाही. त्यांनीही कधी नाही.

२२ फेब्रु., रविवार
पळसदेव. धरणाचं पाणी बरंच मागं सरलंय. बापू जाळं सांधत बसला होता. तासभर दुसरं टोक धरून बसलो. मग तोंडातून निघूनच गेलं, "मीबी केलंवतं तसं. सगळ्यांना अपघात म्हणून सांगितलं."
त्याचा हात थांबला. "घरी ठावं हाय?"
"न्हाय."
"मग आधी मला कशाला सांगताय?"
मी निघताना तो म्हणाला, "पुढल्या रविवारी या. तात्यांनाबी आणा."

२३ फेब्रु.
सकाळी बायकोला, सुनीताला सांगितलं. गहू निवडत होती.
"त्यावेळी मी काय बोलले होते का तुमाला?"
"न्हाय गं. तुझं काय न्हवतं."
"मग?"
इतकी वर्षं झाली, मलाच अजून नीट सांगता येत नाही. म्हणालो, उद्या सांगतो.
"उद्या सांगा," ती म्हणाली. "पण सांगा."
ताट बाजूला सारून शेजारी येऊन बसली. दुकान दुपारीसुद्धा उघडलं नाही.