गोणीखालचा पाय

आबा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही.

तुमच्या वर्षश्राद्धाला नंदुरबारला आले आणि दुसऱ्याच दिवशी शांताराम काका ओट्यावर येऊन बसले. तुम्ही दोघांनी जन्मभर बाजार समितीच्या एकाच शेडमध्ये माल तोलायचं काम केलं. आता त्या शेडमध्ये सगळ्या हमाल-मापाड्यांना तुमचा फोटो लावायचा आहे आणि खाली एक ओळ हवी आहे. "तू इतली शिकेल शे, तूच लिखी दे," काका म्हणाले. "आबाना हात कधी काट्याले लागना नही, आसं काहीतरी."

मी हो म्हटलं, आणि सकाळपासून कोरा कागद घेऊन बसले आहे. हात लागला नाही हे खरंच आहे. पायाचं काय लिहू?

मी चौथीत होते. सुट्टीत तुमचा डबा घेऊन बाजारात यायची. त्या सकाळी डोंगरातल्या काठी गावाकडची एक बाई पहिल्या गाडीने आमचुराची गोणी घेऊन आली होती. आंबे वेचून, सोलून, वाळवून आणलेली, एवढी एकच गोणी. तुम्ही ती काट्यावर ठेवली. गोणीचं एक टोक काट्याबाहेर लोंबत होतं आणि ते तुमच्या पायावर टेकलं होतं. तुम्हाला ते कळलं नव्हतं, एवढं मी आजही मानते. तुम्ही वजन पुकारलंत, पायाने पेललं तेवढं कमी. पहिल्या गोणीला तुम्ही लोक 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणता. लाभ म्हणून पुकारलेला पहिला तोल परत फिरवायचा नाही, फिरवला तर अख्खा दिवस नासतो, ही तुमची रीत.

मला कुठे माहीत होती रीत? मी म्हटलं, "आबा, तुमना पाय गोणीखाले शे."

तुम्ही खाली पाहिलंत. पाय काढलात. आणि माझ्या कानाखाली लावलीत, सगळ्या शेडसमोर. "मन्हा पाय कोठे शे ते मी देखसू. तू घर जाय."

त्या बाईने तुमच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरच्या चुंबळीचं फडकं घडी करून कमरेला खोचलं. गोणी व्यापाऱ्याच्या ढिगात गेली. परत काट्यावर चढवायला किती वेळ लागला असता, आबा?

त्यानंतर मला बाजारात यायची बंदी झाली. आणि त्यानंतरच तुम्ही तोलताना हात पाठीमागे बांधून दोन पावलं मागे उभे राहायला लागलात. लोक त्याला तुमची सचोटी म्हणतात. तेराव्याला तीन जणांनी तो उभं राहण्याचा प्रकार करून दाखवला. मी भिंतीला टेकून बघत होते आणि माझं डोकं फिरत होतं. म्हणजे तुम्हाला सगळं समजलं होतं. तुम्ही सुधारलात, पण तिला सांगितलं नाहीत. मलाही नाही. इतकी वर्षं एका घरात राहून नाही.

आई म्हणते, "गयात ते. आते कितला दिन राग धरशी, बाई?" तिला मी काय सांगू? राग गेला असता तर मला बरंच झालं असतं.

मी काय काम करते ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आता ऐका, तुमच्याच धंद्यातलं आहे. आम्ही एक यान आखतो आहोत. ते सूर्यापासून फार लांब जाईल, वाटेत लांबच्या ग्रहांची छायाचित्रं काढेल. पण त्याचं मोठं काम वेगळं. इतक्या लांब गेल्यावरही सूर्य त्याला हिशोबाबरहुकूमच मागे ओढतो का, हे त्याच्या वेगावरून तपासायचं. म्हणून त्याला दुसरा कसलाही धक्का लागून चालत नाही. यानाची स्वतःची ऊब एका बाजूने जास्त बाहेर पडली, तर तेवढ्यानेही ते जराजरा ढकललं जातं. तो धक्का मोजायचं काम माझं.

हवा काढून घेतलेल्या टाकीत मी यानाचा नमुना बारीक तारेला टांगला आणि मोजलं. धक्का अगदी नगण्य आला. कॅमेऱ्याची मंडळी खूश, कारण कॅमेऱ्याच्या उबेची अडचण नाही असं ठरलं आणि तो त्यांना हव्या त्या बाजूला बसला. माझं कौतुक झालं. अकरा दिवसांपूर्वी अहवालात चाचणीचे फोटो लावताना मला दिसलं की कॅमेऱ्याच्या वायरीचा एक वेढा खालच्या स्टँडला टेकला होता. नमुन्याला मोकळं वळताच आलं नव्हतं. खरा धक्का किती, ते मला माहीत नाही.

अकरा दिवस मी गप्प आहे, आबा. उद्या अकरा वाजता बैठक आहे, इथूनच लॅपटॉपवर बसायची आहे. उद्या आराखडा कायम होईल आणि भाग बनायला जातील. मी तोंड उघडलं तर मांडणी पुन्हा, चाचणी पुन्हा, सगळ्यांचे कित्येक महिने वाया. नाही उघडलं तर कधीतरी ते यान थोडं भरकटेल आणि लोक म्हणतील, सूर्याच्या ओढीतच काहीतरी वेगळं आहे. माझ्या वायरीचा वेढा कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मी तर पुढच्या वेळी वायरी नीट बांधायच्या, असंही ठरवून टाकलं होतं. गुपचूप. दोन पावलं मागे.

हे मी कोणाकडून उचललं ते मला चांगलं ठाऊक आहे. लेकीने बापाचं नाक घेतलंय असं सगळे म्हणतात. नाकाचं मला काही नाही, पण हे नको होतं.

फोटोखालची ओळ मी लिहिली आहे. 'तोलताना हे दोन पावलं मागे उभे राहत.' यात खोटं काही नाही. का उभे राहत, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे, आणि काठीची ती बाई हयात असेल तर तिला तो पाय आठवत असेल.

उद्या मी बैठकीत सगळ्यांच्या आधी बोलणार आहे. चाचणी चुकली, चूक माझी, पुन्हा मोजू द्या, एवढं सांगणार आहे. सगळ्यांचा दिवस नासला तरी पहिला तोल परत फिरवणार आहे. हे तुमच्या नावासाठी नाही. त्या सकाळी तुम्ही एवढंच केलं असतं, तर आज वर 'प्रिय' लिहिलं असतं.

तुमची,
कानाखाली खाल्लेली
सुनंदा