समोरच्या खोलीची अट

मी, प्रभाकर तानबाजी नगराळे, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षक, राहणार नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी किडनीबद्दल काही लपवले नाही. डोके मात्र जागेवर आहे. माझी भाषणे ऐकून ज्यांना ते कधीच जागेवर वाटले नाही, त्यांनी कोर्टात येऊन तसे सांगावे.

१. पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही. बँकेतली ठेव आणि घरातली भांडीकुंडी भाची रक्षा हिला. आजारपणात तिने केले. बाकीच्यांनी विचारपूस केली.

२. पुस्तके, कपाटांसह, विहाराच्या वाचनालयाला. कुलपात ठेवायची असतील तर देऊ नयेत, रद्दीत घालावीत. पुडी सोडताना तरी कोणी वाचेल.

३. अँप्लिफायर व दोन्ही भोंगे जयंती मंडळाला. माझ्यानंतर त्यांवर फक्त गाणी वाजतील, हे ठाऊक असूनही देत आहे.

४. घर. ज्या शाळेत मी नोकरी केली तिचे नाव इथे घेत नाही. १९९८ साली माझ्या आठवीच्या वर्गात राकेश नावाचा मुलगा होता. कोणी मागून कॉलर धरली की त्याचे भान सुटे. मग बेंच उलटे, कंपास भिंतीवर. शाळेचा उपाय ठरलेला होता. दोघांनी धरायचे, तिसऱ्याने मारायचे.

मी त्याच्या आईला, जिजाबाईंना, बोलावले. कापसाच्या जिनातले काम सोडून, धुतलेले लुगडे नेसून त्या आल्या आणि ऑफिसात पाय ठेवताच त्यांनी पोराच्या कानाखाली वाजवली. आमच्याकडे बोलावलेले पालक असेच करतात. मास्तरांदेखत मारले की मास्तरांचा मान राहिला, असे ते धरून चालतात. आणि मास्तर मानही डोलावतात.

"जिजाबाई, आधी बसा," मी म्हटले. "तक्रार नाही. घरी हा भडकला तर तुम्ही काय करता, ते सांगा."

"काई नाई करत जी. दार उघडं टाकतो न चूप बसतो. पोरगं वावराकडे जाते, येते मंग. मारलं तं जास्तच करते."

"मग इथं काऊन मारलं?"

"तुमच्यासाठी मारलं न जी, गुरुजी!"

राकेश त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

जिजाबाई, राकेश, मी आणि शेजारच्या वर्गाचा एक तरुण सहकारी, अशा चौघांनी बसून ठरवले. राकेश भडकला की सहकाऱ्याने बाकीची पोरे मैदानात न्यायची. मी खाली सतरंजीवर बसायचे, दार उघडे ठेवायचे, आवाज चढवायचा नाही. तो निवळला की काय बिनसले ते त्यानेच सांगायचे, आणि मोडले असेल ते आमच्याबरोबर दुरुस्त करायचे. माईकशिवाय मैदान गाजवणाऱ्या माझ्यासारख्याला हे जड गेले. पण दिवाळीनंतर बेंच उलटला नाही. राग येतो आहे हे ओळखून राकेश आपणच उठून बाहेर जाऊ लागला.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. नव्या वर्गशिक्षकाने, पोरगा पळून जाईल म्हणून, दाराला कडी लावली. राकेशने खिडकीची काच हाताने फोडली. रक्त थांबायच्या आत त्याचा दाखला तयार होता. पुन्हा तो कोणत्याच शाळेत गेला नाही. हैदराबाद लाइनच्या ट्रकवर क्लीनर आहे म्हणतात. जिजाबाईंनाही नक्की माहीत नाही.

म्हणून हे घर ती शाळा चालवणाऱ्या संस्थेलाच देतो, एका अटीवर. वागणुकीपायी कोणत्याही मुलाला दाखला देण्यापूर्वी मूल, पालक आणि शिक्षक यांनी माझ्या समोरच्या खोलीत एकत्र बसावे. कोणी उभे राहू नये, कोणी मारू नये. पुढे काय करायचे ते तिघांनी मिळून ठरवावे.

संस्थेचे सचिव भैयाजी यांना मसुदा वाचून दाखवला.

"घर चांगलं आहे मास्तर. कम्प्युटर रूम होऊन जाईल. ते अट तेवढी काढून टाका."

"भैयाजी, घर अटीसाठीच आहे."

"मंग राहू द्या. एकाच्या लाडापायी पन्नास पोरं बिघडवाची काय?"

भैयाजी, ती पन्नास पोरे त्या दिवशी वर्गातच होती. कडी लागताना त्यांनी पाहिली आणि गप्प राहायला शिकली. त्याला तुम्ही शिस्त म्हणता, मी दहशत म्हणतो, आणि मेल्यावरही तेच म्हणेन.

५. अट लेखी मान्य करण्यास संस्थेला माझ्या मृत्यूनंतर सहा महिने मुदत आहे. न केल्यास घर रक्षाचे, विनाअट. ती म्हणते, "मामाजी, ते खोली मी तशीच ठेवतो." ठेवू नकोस, बाई. तिथे मुलांना घेऊन येणारे कोणी नाही. रिकाम्या खोलीला रोज झाडू मारून काय होणार? विकून टाक. गिऱ्हाईक आतापासूनच पाहून ठेव.

६. अंत्यविधीला भाषण नको. त्रिशरण झाले की घरी जावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रक्षाने करावी. यापूर्वी केलेले कोणतेही मृत्युपत्र धरू नये.

नाचणगाव, १२ डिसेंबर २००४
(सही) प्रभाकर तानबाजी नगराळे

साक्षीदार:
१. (सही) शोभाबाई लहानूजी मून, शेजारी.
२. इथे कलम चारमधल्या त्या सहकाऱ्याची सही हवी होती. तो आला, बसला, सगळे वाचले आणि पेन परत दिले. "सर, माझी नोकरी बाकी आहे अजून." त्याच्याऐवजी: (सही) बंडूजी घोडे, किराणा दुकानदार. सही माझ्यादेखत केली. मजकूर वाचलेला नाही.