थापेचा गुरुवार

गुरुवार, ७ नोव्हेंबर १९८५, घाटकोपर

थाप मारताना आप्पा एवढे आनंदी का दिसतात? मला उत्तर देता येत नाही. बी.ए.ला मानसशास्त्र होतं, पण हे त्यात नव्हतं.

गिरणी सुटल्यापासून तीन वर्षं घरात मोजकंच बोलायचे. "चहा." "दार लाव." आता अंधेरीला एका कंपनीत वॉचमन आहेत, गुरुवारी सुट्टी. आणि आज हाच माणूस पंधरा मिनिटं सांगत होता, की त्यांचा एक मामा सर्कशीत होता. हत्तीला आंघोळ घालायचा. हत्तीण खरं तर. तिला कुठला साबण चालायचा नाही तेसुद्धा सांगून झालं. आई फासा हातात धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हा मामा कुठला? आपल्या लग्नात नव्हता तो."

आप्पा शांतपणे म्हणाले, "हत्तीण सोडून कसा येणार?"

डाव संपल्यावर त्यांनी चिठ्ठी उघडून ल्युडोवर ठेवली. ‘माझा मामा सर्कशीत होता.’ आम्हां तिघांपैकी एकालाही पकडता आलं नाही. कांबळेकाका हसून हसून भिंतीला टेकले.

शुक्र. ८ नोव्हें.

नियम लिहून ठेवते, नाहीतर दर वेळी वाद.

कल्पना कांबळेकाकांची. शेजारच्या खोलीत राहतात, बसकंडक्टर. म्हणाले, नुसता ल्युडो खेळून जांभया येतात. म्हणून वापरलेल्या तिकिटांच्या पाठीवर प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं, घडी करून चकलीच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. मग एकेक उचलायची. आपल्या वाट्याला आलेलं वाक्य खेळता खेळता असं बोलायचं, की कुणाला संशय येऊ नये. संशय आला की ओरडायचं "चिठ्ठी". बरोबर निघालं तर बोलणाऱ्याची सोंगटी घरी परत आणि काका त्यांच्या जुन्या चिमट्याने तिकिटाला भोक पाडणार. आणि खोटा आरोप केला तर आरोप करणाऱ्याचीच सोंगटी परत. शेवटपर्यंत न सापडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पाणी माफ. (यापुढे पा.मा.)

आज आप्पांना पा.मा. पहाटे नळावर मी आणि आई. तरी आई मध्येच थांबून हसत होती. बादली भरून वाहिली.

गुरु. २१ नोव्हें.

आईने चिठ्ठी लिहिली.

आई अक्षरं जोडून वाचते, ओठ हलवत. त्यामुळे सुरुवातीला लगेच सापडायची. मग पडद्याआड स्वयंपाकाच्या बाजूला जाऊन वाचून यायला लागली. पण तिची चिठ्ठी आजवर मीच लिहायचे. आज म्हणाली, "दे इकडे. मी काढते." पेन्सिल मुठीत धरून बराच वेळ. कुणाला बघू दिलं नाही.

ती नेमकी काकांना आली. ‘मीठ सपल नाही.’ काकांनी वाचली, घडी घातली, आणि फार गंभीर चेहऱ्याने मला म्हणाले, "सुमन, मीठ संपलं नाही, बरं का."

तिघंही एकदम ओरडलो. सोंगटी गेली. काका भोक पाडायला तयार होईनात. "हिला भोक नाही. ही मी ठेवणार." खिशात घातली.

मला आयुष्यात काय करायचंय ते आज तीन शब्दांत समोर पडलेलं दिसलं. मला माणसांना हे द्यायचंय. असं मोठ्याने बोलले तर आप्पा म्हणतील, चिठ्ठी.

सोम. २५ नोव्हें.

जूनमध्ये घरी न सांगता अर्ज केला होता, त्याचं पत्र आलं. जव्हारच्या पलीकडची आश्रमशाळा. शिक्षिका म्हणून निवड झाली आहे, २ जानेवारीला हजर व्हायचं, राहायची सोय तिथेच. मान्य असल्यास १६ डिसेंबरपर्यंत कळवा.

चार वेळा वाचलं. मग सुपारीच्या डब्याखाली ठेवलं. मग पुन्हा काढून वाचलं.

आप्पांचं दुसरंच ठरलं आहे. त्यांच्या कंपनीत टायपिस्टची जागा निघणार, साहेबांनी शब्द दिलाय. त्या साहेबांना आप्पा तीन वर्षं गेट उघडून देतात. "आपली मुलगी त्याच गेटातून पर्स घेऊन आत जाईल." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यात कुठे थांबून ते श्वास घेतात तेसुद्धा पाठ आहे.

आणि आणखी एक. मी गेले तर ल्युडोला तीनच माणसं. पुन्हा "चहा", "दार लाव" सुरू झालं तर?

गुरु. २८ नोव्हें.

सांगायचं होतं. आप्पांना सलग तीनदा सहा पडले, एवढे खूश होते की…

पुढच्या गुरुवारी नक्की.

गुरु. ५ डिसें.

सांगितलं. आणि सांगितलंच नाही.

माझ्या चिठ्ठीवर होतं ‘आमच्या गल्लीत उंट आलाय’. काकांचं अक्षर. ते बोलण्यात कसं आणायचं याचा मी विचार करत होते, आणि आप्पा फासा हलवत म्हणाले, साहेबांना परवा पुन्हा आठवण करून दिली. तेव्हा तोंडातून निघून गेलं. "आप्पा, मला जव्हारकडच्या आश्रमशाळेत नोकरी मिळालीय. जानेवारीत जायचंय. मला जायचं आहे."

मग आप्पा आणि काका एका सुरात, "चिठ्ठी."

आप्पा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडात गावची मालवणी. "काय गो तुझा तोंड ता. माका खराच वाटला." काकांनी चिमटा पुढे केला. आई ओरडली नव्हती. तिचं लक्ष नसावं.

मी म्हणायला हवं होतं, की ही चिठ्ठी नाही. दोन शब्द. पण ते डोळे पुसत होते. इतकं हसताना मी त्यांना कधी… मी उंटाची चिठ्ठी घडीसकट पुढे केली. काकांनी न उघडता भोक पाडलं. माझी पिवळी सोंगटी मीच उचलून घरी ठेवली.

सहा महिने मी मुलांना खरं बोलायला शिकवायची स्वप्नं बघतेय.

शनि. ७ डिसें.

आज आप्पा कामावरून आल्यावर चहा दिला आणि सरळ म्हटलं, "आप्पा, परवा बोलले ते खरं आहे. जव्हारचं."

बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आज शनिवार. थाप गुरुवारी."

आणि खरंच, त्यांचं मन दुखावलेलं नव्हतं, की टाळतही नव्हते. छान मूडमध्ये होते. मला हसू आलं आणि मग मोरीत जाऊन रडू आलं.

मंगळ. १० डिसें.

कांबळेकाकांनी नळावर गाठलं. हातात भोक पाडलेलं तिकीट.

"सुमन, मी जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवतो. काल चाळत होतो. तुझी तर उंटाची होती."

मी कळशी नळाखाली सरकवली.

"म्हणजे जव्हार?"

"खरं आहे, काका."

"मग माझ्या हातून खोटं भोक पडलं," ते म्हणाले. अठरा वर्षांत एकही तिकीट चुकीचं मारलं नाही, असं ते नेहमी सांगतात. "गुरुवारी निकाल फिरवणार. तू नको म्हणालीस तरी."

मी नको म्हटलं नाही.

गुरु. १२ डिसें.

काल काही लिहिलं नाही. आजचं सगळं लिहिते, क्रमाने, नाहीतर विसरेन.

साडेपाचला बसलो. चिठ्ठ्या उचलून झाल्या. काकांनी ते तिकीट ल्युडोच्या मधोमध ठेवलं. "सावंत, मागच्या गुरुवारचा निकाल चुकला."

आप्पांनी उचललं. वाचलं. उलटून पाहिलं, पुढे बसचा आकडा, मग पुन्हा पाठ. "हा तर उंट आहे."

"हो."

"मग ती शाळा…"

मी म्हटलं, "खरी आहे, आप्पा. पत्र आहे. आणून दाखवते."

"सुपारीच्या डब्याखाली नाहीये आता," आई म्हणाली. "माझ्या उशीत आहे. वाचलं मी. दोन दुपार लागल्या. ‘निवड’ कळलं, ‘हजर’ कळलं. एक शब्द नाही लागला, पण बाकी कळलं."

मला नोकरीचं, जव्हारचं सगळं विसरायला झालं. माझ्या आईने माझं पत्र वाचलं.

आप्पा खूप वेळ गप्प. ते जुनं गप्प. मला वाटलं, गेलं, आता पुन्हा तीन वर्षं. मग त्यांनी काकांना विचारलं, "खोट्या आरोपाला नियम काय?"

"आरोप करणाऱ्याची सोंगटी परत."

"तो डाव संपला."

"मग या डावात."

"तुमचीपण मग. तुम्हीपण ओरडलात."

काकांनी मान डोलावली. दोघांनी एकेक सोंगटी उचलून बाजूला ठेवली, हिरवी आणि लाल, आणि उरलेल्या तिघींवर खेळले. आईने फासा टाकला. चिठ्ठ्या सगळ्यांच्या मुठीत, पण कुणाला त्यांची आठवण नव्हती. नुसता फाशाचा आवाज.

पाऊण तास गेला असेल. आप्पांना सहा पडला. सोंगटी पुढे नेली नाही. ल्युडोकडे बघतच म्हणाले, "थंय थंडी पडता. माझो कोट घेवन जा."

पाळीवर घालतात तो खाकी कोट.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आई माझ्याकडे बघत होती. ओरडायचं की नाही, ते आता माझ्यावर होतं. चिठ्ठी म्हटलं आणि ते खरं निघालं, तर माझी एक सोंगटी गेली असती. पण चिठ्ठीच निघाली असती तर? मी ओरडले नाही. फासा घेतला. तीन पडले.

डाव आईने जिंकला. चिठ्ठ्या उघडायची वेळ आली. माझी, आईची, काकांची उघडली. तिघांचीही वाक्यं न बोललेली, आणि एकही आप्पांच्या अक्षरातली नाही. म्हणजे त्यांनी लिहिलेली चिठ्ठी त्यांनाच आली होती.

"सावंत, दाखवा," काका म्हणाले.

"सोंगटी घेतलीत ना? चिठ्ठी राहू द्या." घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली. "उद्या पाणी मी भरतो."

ते आता अंगणात काकांशी बोलत उभे आहेत. हत्तिणीचा विषय निघालाय, कारण काका हसतायत. शर्ट समोर खुंटीवर आहे. आई विळीवर बसल्या बसल्या एकदा त्या खिशाकडे बघते, एकदा माझ्याकडे. "बघू का?" म्हणाली. "मला वाचता येईल." मी नको म्हटलं.

त्यात कोट लिहिलेला असेल किंवा नसेल. मान्य असल्याचं पत्र मी कालच दुपारी स्टेशनजवळच्या पेटीत टाकून आले.